विश्लेषण : खांदा वर जात नाही, गुडघा दुमडत नाही… हाताने सांधे मोकळे करणारी ‘मॅन्युअल थेरपी’ काय असते? इस्लापूरहून नांदेडला जाण्याआधी काय माहीत हवे?

थोडक्यात

- मॅन्युअल थेरपी म्हणजे मालीश नव्हे. सांधा आणि स्नायू तपासून, मोजून, ठरावीक जोर लावून फिजिओथेरपिस्टने हाताने केलेला हा उपचार आहे.
- एकट्या या उपचारावर भागत नाही. व्यायामाची जोड असेल तरच फायदा टिकतो.
- ‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसले, हा गैरसमज आहे.
- रोज दवाखान्यात जाणे शक्य नसलेल्यांनाही घरच्या व्यायामाने बराच फरक पडतो.
- काही लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांकडे जायचे, कोणालाही अंगाला हात लावू द्यायचा नाही.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसरात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने चालते. कमरेला ओटी, पाठ वाकलेली आणि हात सतत बोंडांकडे. त्याआधी सोयाबीनची काढणी झालेली असते. त्याच्याही आधी निंदणी आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी. ही कामे उरकली की मागे राहतात ती दुखणी घराघरात ओळखीची आहेत. कंबर धरली, मान आखडली, खांदा वर जात नाही, गुडघा दुमडत नाही.

त्यावरचे उपायही ठरलेले. आधी तेल लावून चोळणे. उसण भरली असेल तर पायाळू माणसाचा पाय लावून घेणे. मग मेडिकलमधून गोळी. एवढ्यानेही भागले नाही तर हिमायतनगर, किनवट आणि शेवटी नांदेड.

नांदेड इथून शंभराच्या आसपास किलोमीटरवर आहे. तिथे डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठीवर लिहितात, ‘फिजिओथेरपी, १० सिटिंग’. खरा पेच इथेच पडतो. दहा सिटिंग म्हणजे दहा वेळा जाणे-येणे, दहा दिवसांची मजुरी बुडणे आणि सोबत येणाऱ्याचाही खाडा. बहुतेक जण दोन-तीन फेऱ्यांतच कंटाळतात आणि ‘फिजिओने काही फरक पडला नाही’ म्हणून विषय संपतो. हा उपचार नक्की काय करतो आणि तो किती वेळा हवा असतो, हे समजले तर ही वेळ टळू शकते.

सांधा आखडतो म्हणजे नेमके काय होते?

सांध्याला दाराच्या बिजागरीची उपमा देतात, पण ती अर्धीच बरोबर आहे. बिजागरी एकाच जागी फिरते. शरीरातला सांधा मात्र फिरतो आणि त्याच वेळी आतल्या आत थोडा सरकतोही. हात डोक्यावर नेताना दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत वर गडगडतो आणि सोबतच किंचित खाली घसरतो. हे घसरणे बंद झाले तर गोळा वरच्या हाडाला जाऊन अडतो आणि हात अर्ध्यातच थांबतो. हे घसरणे माणसाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. बाहेरून हाताची मदत लागते ती इथे.

सांधा अडण्याची कारणे साधारण तीन असतात. सांध्याभोवतीचे आवरण जाड आणि घट्ट होते. प्लास्टर काढल्यावर मनगट किंवा कोपर लाकडासारखे का वाटते, याचे उत्तर त्यात आहे. दुसरे, स्नायू आखूड होतो किंवा त्यात गाठीसारखा दुखरा भाग तयार होतो. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. दुखण्याच्या भीतीने मेंदूच स्नायूंना आवळून धरतो. अशा वेळी सांधा मुळात मोकळा असतो, पण शरीर तो हलू देत नाही.

तिन्हींवर उपचार वेगळा आहे. म्हणून तपासणी न करता थेट चोळायला सुरुवात करणारा माणूस अंदाजाने काम करत असतो.

मॅन्युअल थेरपीत हाताने काय करतात?

पहिले काम मोजण्याचे. सांधा किती अंश फिरतो हे कोनमापकाने पाहतात. निरोगी खांदा समोरून वर उचलला तर १८० अंशांपर्यंत जातो. गुडघा साधारण १३५ अंश दुमडतो. खुर्चीवर बसायला गुडघ्याचे ९० अंश पुरतात, पण उकिडवे बसायला किंवा मांडी घालायला त्याहून बरेच अधिक लागतात. शहरातल्या नोकरदाराला ‘बरा’ वाटणारा गुडघा शेतात निंदणाऱ्या बाईला अपुराच पडतो. त्यामुळे आपले रोजचे काम कोणते, हे फिजिओथेरपिस्टला आधी सांगायला हवे.

त्यानंतर येते ‘मोबिलायझेशन’, म्हणजे सांध्याला ठरावीक दिशेने हळूहळू हेलकावे देणे. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या हेलकाव्यांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. जगभर आजही त्याच वापरतात.

- पायरी १ : हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी छोटे हेलकावे. दुखणे जास्त असेल तेव्हा.
- पायरी २ : हालचालीच्या मधल्या टप्प्यात मोठे हेलकावे. अजून अडसरापर्यंत जायचे नाही.
- पायरी ३ : मोठे हेलकावे, थेट अडसरापर्यंत. आखडलेपण हा मुख्य त्रास असेल तेव्हा.
- पायरी ४ : अडसरापाशीच छोटे, नेमके हेलकावे.
- पायरी ५ : छोटा पण झटकन दिलेला झटका. याला ‘मॅनिप्युलेशन’ म्हणतात. यात जोखीम अधिक, म्हणून तो सगळ्यांना देत नाहीत.

पहिल्या दोन पायऱ्या दुखणे शांत करण्यासाठी आणि पुढच्या दोन ताठरपणा घालवण्यासाठी, असे ढोबळमानाने समजता येईल. ‘जितके जास्त दुखेल तितका गुण येईल’ हे गणित इथे चालत नाही. सुजलेल्या, ठणकणाऱ्या खांद्याला पहिल्याच दिवशी जोरात ओढले तर तो आणखी आवळतो.

न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांची पद्धत थोडी वेगळी आहे. थेरपिस्ट सांधा एका बाजूने हलका सरकवून धरतो आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः हात किंवा पाय हलवतो. एरवी दुखणारी हालचाल अशी धरल्यावर न दुखता झाली, तरच तो उपचार पुढे न्यायचा, असा नियम आहे.

स्नायूंसाठी वेगळी तंत्रे असतात. दुखऱ्या गाठीवर काही वेळ स्थिर दाब देणे, स्नायूवरचे आवरण सावकाश ताणणे, किंवा रुग्णाला हलका जोर लावायला सांगून तो सैल सोडताच स्नायू थोडा पुढे नेणे. शेवटच्या प्रकारात रुग्ण नुसता पडून राहत नाही, तोही काम करतो.

‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड बसले का?

नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याच्या दोन बाजू झटकन दूर झाल्या की आतला दाब घटतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोट मोडताना सांध्याचे एमआरआय चित्रण केले. आवाज होतो त्याच क्षणी ही पोकळी तयार होताना त्यात दिसली. हाड जागेवरून हललेले किंवा पुन्हा जागेवर आलेले नसते. आवाज आला नाही तरी उपचार लागू पडू शकतो.

‘गादी सरकली होती, ती बसवली’ हे वाक्यही असेच. मणक्यांमधली चकती हाताने ढकलून आत बसवता येत नाही.

मग आराम कशाने पडतो?

पूर्वी समजत असत की हाताच्या जोराने सांध्याची रचनाच सुधारते. आताच्या संशोधनाचा कल वेगळा आहे. योग्य दाब आणि हालचाल मिळाली की त्या भागातून मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात, दुखण्याची तीव्रता काही काळ कमी होते आणि आवळलेले स्नायू सैल पडतात. प्लास्टरनंतरच्या ताठर सांध्यात आवरणावर ताण येऊन ते हळूहळू लांबतेही, पण त्याला आठवडे लागतात.

यातून निघणारा अर्थ रुग्णाच्या कामाचा आहे. उपचारानंतर मिळालेला मोकळेपणा ही थोड्या वेळाची सवलत असते. त्या वेळेत सांधा वापरला, व्यायाम केला, तर शरीर ती हालचाल आपलीशी करते. घरी येऊन हात पुन्हा पोटाशी धरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सांधा होता तिथेच.

खरेच फरक पडतो का? अभ्यास काय सांगतात?

गुडघा : अमेरिकेत २००० मध्ये गुडघेझिजेच्या ८३ रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला आठवड्यातून दोनदा, असे चार आठवडे मॅन्युअल थेरपी आणि व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला नुसता नाममात्र उपचार. एका वर्षानंतर पाहिले तेव्हा पहिल्या गटात ५ टक्के, तर दुसऱ्या गटात २० टक्के रुग्णांना गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली होती.

२०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १५६ रुग्णांपैकी काहींना गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, तर काहींना फिजिओथेरपी दिली. वर्षअखेरीस फिजिओथेरपी घेतलेल्यांचे दुखणे आणि अडचण कमी होती.

कंबर : जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला नीट माहिती देणे, मणक्याची मॅन्युअल थेरपी आणि मसाज यांना अनुकूल शिफारस आहे. मात्र हाती असलेला पुरावा फार भक्कम नसल्याने ही शिफारस सशर्त आहे.

खांदा : ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे गोठलेला खांदा. केसांचा अंबाडा बांधता येत नाही, शर्टाची बाही चढत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मधुमेह असलेल्यांत हा त्रास अधिक आढळतो, त्यामुळे साखर तपासून घेणे शहाणपणाचे. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिन्हींपैकी एकही पर्याय इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नाही, तसा फिजिओथेरपी हा आठवडाभरातला चमत्कारही नाही. हा खांदा सुटायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात.

शेक, करंट आणि वजन लावण्याचे काय?

गावाकडे फिजिओथेरपी म्हटले की मशीन, असेच समीकरण आहे. ‘करंट लावला’, ‘कमरेला वजन लावले’ असे सांगितले जाते. मशीन नसेल तर पैसे वाया गेले असे अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या याच सूचनांमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी वजन लावणे, कंबरेचा पट्टा, अल्ट्रासाउंड आणि ‘टेन्स’ नावाचा करंट यांची शिफारस केलेली नाही. इतर आजारांत यांचा उपयोग वेगळा असू शकतो. पण कंबरेसाठी दहा सिटिंग नुसतीच मशीनखाली पडून जात असतील, हाताने तपासणी नाही आणि व्यायामही शिकवलेला नाही, तर रुग्णाने विचारायला हवे.

पायाळू, हाडवैद्य आणि सलूनमधली मान

पायाळू माणसाने पाय लावला आणि उसण उतरली, असे सांगणारे हजारो लोक भेटतील. ते खोटे बोलत नाहीत. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात ज्याचा पाय किंवा हात लागला, श्रेय त्याला मिळते. फिजिओथेरपीतही काही सुधारणा अशा निसर्गक्रमाने होते, म्हणूनच संशोधक दोन गट करून तुलना करतात.

हलका पाय लावण्याने सहसा नुकसान होत नाही. धोका आहे तो जोराच्या झटक्यात. हाड मोडलेले असताना ‘लचकलंय’ म्हणून ओढले, तर तुटलेले टोक शीर किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेण्याची सवय अनेकांना असते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. त्या दुर्मीळ आहेत, पण एकदा घडले की परतीचा रस्ता नसतो.

केव्हा आधी डॉक्टर, मग बाकी सगळे?

पुढीलपैकी काहीही असेल तर मालीश नको, झटका नको आणि तपासणी झाल्याशिवाय मॅन्युअल थेरपीही नको.

- कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटणे किंवा जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा. ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.
- हात किंवा पायातली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणे.
- पाठदुखीसोबत ताप, रात्री घाम, वजन घटणे. मणक्याचा क्षयरोग असाही सुरू होतो.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, विशेषतः वयस्करांत.
- हाडे ठिसूळ झालेली असणे, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा आधी झालेला कर्करोग.
- मानदुखीसोबत चक्कर, बोलताना जीभ अडखळणे, दोन-दोन दिसणे.
- एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असणे. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

उपचार कोणाकडून घ्यायचा?

मुंबईत पोलिओची साथ आली, मुलांचे हातपाय लुळे पडले आणि त्यातून १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना, तेव्हाचे मुंबई राज्य सरकार आणि मुंबई महापालिका यांचा तो एकत्रित प्रयत्न होता. आज मराठवाड्यातही हे शिक्षण मिळते. लातूरला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे.

आतापर्यंत ही पदवी चार वर्षे आणि त्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी राहिली आहे. राज्यात व्यवसाय करण्यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचाराच्या राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, हे पाहणे आणि नसेल तर विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. काही आठवड्यांचा मसाजचा कोर्स म्हणजे फिजिओथेरपी नव्हे.

साठी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर फिजिओथेरपीची तरतूद आहे. नांदेडला खासगीत जाण्याआधी शासकीय रुग्णालयात ही सेवा कोणत्या दिवशी मिळते, हे फोनवर विचारून घ्यावे. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येईल.

इस्लापूरहून जाणाऱ्याने सिटिंगचे गणित कसे बसवायचे?

इथे आणखी एक अभ्यास उपयोगी पडतो. गुडघ्यावर काम करणाऱ्या त्याच अमेरिकी गटाने २००५ मध्ये १३४ रुग्णांची तुलना केली. एक गट दवाखान्यात येऊन मॅन्युअल थेरपी आणि व्यायाम घ्यायचा. दुसऱ्याला व्यायाम शिकवून घरी पाठवले आणि दोन आठवड्यांनी एकदा परत बोलावून उजळणी घेतली. चार आठवड्यांनी दवाखान्यातला गट स्पष्टपणे पुढे होता. त्याच्यात ५२ टक्के सुधारणा, घरच्या गटात २६ टक्के. पण एका वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले होते.

याचा सरळ अर्थ असा. हाताचा उपचार लवकर आराम देतो. लांबच्या पल्ल्यात मात्र काम करतो तो घरचा व्यायाम. दहा फेऱ्या जमत नाहीत म्हणून उपचारच सोडून देणे हा त्यामुळे सगळ्यात वाईट पर्याय ठरतो. प्लास्टरनंतरचा ताठर सांधा किंवा पक्षाघात अशा काही त्रासांत फेऱ्या जास्त लागतात, हेही खरे. म्हणून निर्णय तपासणीनंतरच. पण पहिल्याच भेटीत पुढचे सांगता-विचारता येते.

१. ‘मी शंभर किलोमीटरवरून येतो’ हे आधीच सांगा. रोजच्याऐवजी आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक भेट चालेल का, हे विचारा.

२. आजचे माप लिहून मागा. खांदा आज ९० अंश गेला, तर पुढच्या भेटीत किती? चार-पाच भेटींनंतरही आकडा आणि दुखणे जागचे हलले नसेल तर उपचार बदलायला हवा.

३. तीन-चारच व्यायाम मागा, पण पक्के शिकून घ्या. दहा व्यायामांचा छापील कागद घरी पोचल्यावर घडीतच राहतो.

४. मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या. थेरपिस्टसमोर आपण व्यायाम करतानाचा. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्या सांध्यासाठी केलेला नसतो.

५. किती दुखले तर थांबायचे, हे विचारा. व्यायामानंतरचे दुखणे थोड्या वेळात उतरायला हवे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच असेल तर प्रमाण कमी करण्याची गरज असते.

६. शेतातल्या कामाचे विचारा. ओटी किती भरल्यावर रिकामी करायची, किती वेळाने पाठ सरळ करायची, पंप कोणाच्या मदतीने पाठीवर चढवायचा. वेचणी बंद करा, हा सल्ला हातावर पोट असलेल्या घरात चालत नाही. वेचणी कशी करावी, हे सांगणारा सल्ला चालतो.

प्लास्टर काढलेल्यांसाठी मात्र वेळ महत्त्वाची आहे. प्लास्टर निघाले की बरे झाले, असे धरून महिना-दोन महिने हात गळ्यात अडकवून ठेवला जातो आणि मग सांधा मोकळा करायला कितीतरी पट वेळ लागतो. हालचाल केव्हा सुरू करायची आणि कोणती, हा प्रश्न प्लास्टर काढणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचा. गावाकडे परतीची गाडी पकडण्याआधी.

*(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टर किंवा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.)*